लांब साप आणि आपली काठी

मुलांनो, आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

पावसाळा लागला की आपल्या गावात एक आरोळी हमखास उठते. "अरे, लांबडं निघालं! काठी आणा, काठी!" मग काय विचारता! ज्याच्या हाताला जे लागेल ते घेऊन माणसे धावतात. कोणी कुऱ्हाड घेतो, कोणी फावडे, कोणी बैलगाडीची उभारी उपसतो. बायाबापड्या लेकरांना ओढून घरात घेतात. पाच-दहा मिनिटांत सगळे थंड होते. गोठ्यापुढे सहा-सात फुटांचे धूड पडलेले असते. भोवती उभे राहून लोक म्हणतात, "केवढा दांडगा होता! बरं झालं, वेळेवर दिसला. चावला असता तर पाणी मागू दिलं नसतं."

आता खरी गोष्ट ऐका. घराजवळ मारला जाणारा असा लांबलचक साप बहुतेक वेळा धामण असते. आणि धामणीला विष नसते. मुळीच नसते!

आपल्या मनात एक हिशेब पक्का बसला आहे. साप जेवढा मोठा, तेवढे विष जास्त. हा हिशेब चुकीचा आहे. या एका चुकीमुळे आपण दोन चुका करतो. मोठ्या सापाला उगीच मारतो आणि लहान सापाला हलके मानतो. पहिल्या चुकीत सापाचा जीव जातो, दुसऱ्या चुकीत माणसाचा. या लेखात हेच समजावून सांगायचे आहे.

दोन आठवणी

मी चौथीत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या आखाड्यावर कडब्याची गंजी होती. आबा कडब्याची पेंढी ओढायला गेले आणि आतून एक पिवळसर तपकिरी साप सर्रकन बाहेर आला. चांगला माणसापेक्षा लांब. मी पळत जाऊन काठी आणून दिली. आबांनी आणि दोघा गड्यांनी त्याला मारले. मला केवढा अभिमान वाटला होता! शाळेत चार दिवस तीच गोष्ट सांगत होतो.

आजी मात्र म्हणाली, "धामीन होती रे लेकरा. उंदरं खायला यायची. कामून मारली?" त्या हिवाळ्यात कणगीतल्या ज्वारीचा उंदरांनी पार भुगा केला. पोती कुरतडली, हरभऱ्याच्या घुगऱ्याही ठेवू देईनात. आजीचे म्हणणे तेव्हा कुठे आबांना पटले.

त्याच पावसाळ्यातली दुसरी गोष्ट. वर्गात बस्करपट्टीवर माझ्या शेजारी बसणारा एक सोबती होता. रात्री तो घरात भुईवर झोपला होता. पहाटे उठला आणि म्हणाला, पोट दुखते. दोनदा उलटी झाली. घरच्यांना वाटले, काही खाल्ले असेल. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, बोलणे बोबडे झाले. तेव्हा कोणीतरी म्हणाले, "पान लागलं असेल." मग त्याला मारुतीच्या पारावर नेले, कडुलिंबाचा पाला चघळायला दिला, मंत्र टाकले. दवाखान्याची गाडी धरेपर्यंत दुपार झाली. तो परत आला नाही. अंथरुणाच्या घडीत नंतर एक साप सापडला. काळा, चकचकीत, हातभर लांब. तो मण्यार होता.

एका मोसमात गावाने लांब साप वीस माणसांनी मिळून मारला, आणि जो खरा घातक होता तो कोणाला दिसलासुद्धा नाही. या दोन गोष्टी मी अजून विसरलो नाही.

साप घराजवळ का येतो?

साप आपल्याला चावायला घरी येत नाही. तो येतो तीन गोष्टींसाठी: खाणे, थंडावा आणि आसरा.

आपल्या तालुक्याचे रूप डोळ्यांपुढे आणा. मधून कयाधू वाहते. जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा आहे, दक्षिणेला पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे आहेत. मधे माळ, नाले, झुडपांनी भरलेले धुरे. शेतात सोयाबीन, तूर, कापूस, हळद. जिथे धान्य तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे साप. हा साधा हिशेब आहे. सोयाबीनची सुडी, कडब्याची गंजी, पऱ्हाटीचा ढीग, गोवऱ्यांची रास, पडक्या भिंतीतली भगदाडे ही सगळी उंदरांची घरे. सापाला बीळ खणता येत नाही. त्याला ना हात, ना पाय. तो उंदराच्या बिळात किंवा वाळवीने बांधलेल्या वारुळात राहतो. "आयत्या बिळावर नागोबा" ही म्हण काही उगीच पडली नाही!

उन्हाळ्यात तो रांजणाखाली, न्हाणीजवळ, हळदीच्या ओल्या वाफ्यात गारव्याला येतो. कारण सापाचे रक्त आपल्यासारखे एकसारखे ऊबदार नसते. बाहेर ऊन वाढले की त्याचे अंग तापते, थंडी पडली की गारठते. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते, म्हणून तो उंच आणि कोरड्या जागी येतो. उंच आणि कोरडी जागा म्हणजे बहुधा आपलेच घर! शिवाय अनेक सापांची अंडी पावसाळ्याच्या तोंडाला फुटतात. म्हणून त्या दिवसांत पिले जागोजाग दिसतात.

धामण

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारा मोठा साप म्हणजे धामण. पूर्ण वाढलेली धामण पाच ते सात फूट असते, क्वचित नऊ-दहा फुटांचीही होते. रंग पिवळसर, तपकिरी किंवा काळपट. अंगाच्या मागच्या भागावर काळ्या आडव्या रेघा. डोळे मोठे, ओठांवर उभ्या काळ्या रेघा. मान बारीक. ती दिवसा फिरते आणि फार चपळ असते. झाडावरही चढते, पाण्यातही पोहते.

धामण फणा काढत नाही. कोंडीत सापडली तर मान फुगवते, घुरघुरते आणि चावतेसुद्धा. चावली तर दातांच्या खुणा उठतात, रक्त येते, पण विष नसते. जखम धुवून दवाखान्यात दाखवावी, एवढेच. पण लांबून धावताना दिसलेली ती धामण की नाग, हे भल्याभल्यांना ओळखू येत नाही. म्हणून ओळखण्यासाठी जवळ जाऊ नये. जवळ न जाणे हीच पहिली ओळख!

धामणीबद्दल आपल्याकडे किती तरी गोष्टी सांगतात. एक अशी की, ती गाईच्या पायांना विळखा घालून सडाला तोंड लावते आणि दूध पिते. मुलांनो, सापाला ओढून पिण्यासारखे ओठ नाहीत. त्याची जीभ दोरीसारखी बारीक आणि टोकाला दुभंगलेली. तोंडात मागे वळलेले सुईसारखे दात. असले दात सडाला लागले तर गाय उभी राहील का? लाथ झाडेल! धामण गोठ्यात येते ती उंदरासाठी. गव्हाणीत सरकी-पेंडीला उंदीर येतात, उंदरामागे ती येते. आपण तिला गाईच्या पायांत पाहतो आणि दूध आटले की तिच्यावर आळ घेतो.

दुसरी गोष्ट अशी की, धामणीने शेपटी मारली की म्हशीचा पाय वाळतो. तेही खोटे. शेपटीत विष नसते.

तिसरी गोष्ट नाग-धामणीच्या लागणीची. दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले दिसले की लोक त्यांवर धोतर नाहीतर कोरे कापड टाकायला धावतात. म्हणे ते कापड घरात ठेवले की धन येते. खरे पाहता ते बहुतेक वेळा दोन नर धामणच असतात. मादीसाठी त्यांची कुस्ती चाललेली असते. जो दुसऱ्याचे डोके खाली दाबील तो जिंकला. चावाचावी नाही, रक्त नाही. अशी सभ्य कुस्ती आपल्या जत्रेतही पाहायला मिळणार नाही! त्या वेळी लांबून पाहावे आणि निघून जावे.

धन मात्र धामण खरोखरच देते, पण ते कापडावर नाही, कणगीत देते. उंदीर आणि घुशी ती बिळात शिरून खाते. मांजर बाहेर टपून बसते, धामण आत जाते. एवढे काम करून ती मजुरी मागत नाही.

अजगर

अजगर हा आपल्या राज्यातला सर्वांत जाड आणि वजनदार साप. नदीकाठची झाडी, खडकाळ टेकड्या, धरणाच्या पाण्याजवळची जागा त्याला आवडते. साधारण आठ-दहा फुटांचा दिसतो. क्वचित त्याहून बराच मोठाही होतो. त्यालाही विष नाही. तो भक्ष्याला तोंडात धरून विळखे घालतो. विळख्याने त्या प्राण्याचा रक्तप्रवाह थांबतो आणि तो मरतो. हाडांचा चुरा होतो ही समजूत खरी नाही. अजगराच्या जबड्याची हाडे सैल जोडलेली असतात, म्हणून तो स्वतःच्या डोक्यापेक्षा मोठे जनावर सबंध गिळतो. एकदा पोट भरले की कित्येक दिवस, कधी महिनोन्महिने, काही खात नाही. म्हणूनच आपण आळशी माणसाला "अजगरासारखा पडलाय" म्हणतो.

त्याच्या ओठांवर बारीक खाचा असतात. त्यांनी त्याला अंधारातही उबदार प्राण्याची उष्णता कळते. अजगराची मादी अंडी घातली की त्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते. गारवा वाढला की अंग थरथरवून ती अंड्यांना ऊब देते. आई ती आईच, मग ती सापाची का असेना!

अजगर कोंबडी, करडू, ससा धरू शकतो. म्हणून नदीकाठच्या वस्तीने कोंबड्यांचे खुराडे आणि करडांचा कोंडवाडा रात्री पक्का बंद करावा. आपल्याकडचा अजगर माणसाच्या वाटेला जात नाही. पण पकडायला गेले तर चावतो आणि त्याच्या दातांची जखम खोल होते. म्हणून त्यालाही हात लावायचा नाही.

आता इथे एक फार महत्त्वाची गोष्ट. कित्येकदा माणसे एका जाड, सुस्त सापाला "अजगराचं पिल्लू" म्हणून हातात घेतात, आणि तो निघतो घोणस!

घोणसाला काही गावांत परड म्हणतात. तो तीन-चार फुटांचा, अंगाने जाड, डोके त्रिकोणी, मान बारीक. तपकिरी अंगावर साखळीच्या कड्यांसारखे गोल ठिपके तीन ओळींत, नीटनेटके. अजगराच्या अंगावरचे चट्टे मात्र वेडेवाकडे, फाटक्या नकाशासारखे असतात. घोणस डिवचला की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार काढतो. तो अंडी घालत नाही, पिलांनाच जन्म देतो, एका वेळी वीस-पंचवीस किंवा त्याहून जास्त. आणि पहिल्या दिवसापासून पिलांना विष असते! घोणसाच्या विषाने रक्त गोठायचे थांबते, हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त जाते, मूत्रपिंडे बंद पडतात. म्हणून नियम असा: अजगराचे पिल्लू दिसले तरी ते घोणसच आहे असे समजून दूर व्हावे.

लहान, पण घातक

आपल्या देशात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुसंख्य बिनविषारी. माणसे मरतात ती मुख्यत्वे चार जातींच्या दंशाने: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. आता त्यांची लांबी पाहा. नाग साधारण तीन ते पाच फूट. घोणस तीन-चार फूट. मण्यार सुमारे तीन फूट. फुरसे तर फूट-दीड फूटच! धामण आणि अजगर या चौघांपेक्षा लांब, पण दोघांनाही विष नाही. जगातला सर्वांत लांब विषारी साप म्हणजे नागराज. पण तो दाट पावसाच्या जंगलातला, आपल्या मराठवाड्यातला नव्हे.

नाग फणा काढून सांगतो, "मी इथे आहे, लांब जा." घोणस फुत्कारून सांगतो. फुरसे अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर असा आवाज करते. मण्यार मात्र काहीच सांगत नाही. तो रात्री हिंडतो. निळसर काळा, चकचकीत, अंगावर पांढऱ्या बारीक जोडरेघा. उंदीर, पाली आणि लहान साप शोधत तो घरात येतो. भुईवर निजलेल्या माणसाचा हात त्याच्यावर पडला की चावतो. दंशाला ना फारशी सूज, ना फारशी आग. माणूस पुन्हा झोपी जातो. पहाटे पोटदुखी, उलटी, घसा दुखणे, पापण्या जड होणे, आणि मग श्वास बंद पडत जातो.

म्हणून पालकांनो, पावसाळ्यात भुईवर झोपलेले लेकरू पहाटे पोटदुखीने उठले आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर ओव्याचे पाणी देत बसू नका. सरळ दवाखाना गाठा. लेकरांना बाजेवर किंवा खाटेवर निजवा. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. डास, विंचू आणि साप तिन्ही बाहेर राहतात. एवढ्या साध्या गोष्टीने माझा सोबती आज वाचला असता.

पंचमीला पूजा, दुसऱ्या दिवशी काठी

आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. देवाच्या नावातच नाग! पंचमीला आपल्या घरी विळीने चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, शेतात नांगर धरत नाहीत. आया-बहिणी वारुळाला जाऊन लाह्या वाहतात. झाडाला झोके बांधतात. किती चांगली रीत! पण दुसऱ्या दिवशी गोठ्यात साप दिसला की तेच हात काठी उचलतात. पूजा नागाची आणि मार धामणीला! "साप साप म्हणून भुई धोपटणे" म्हणतात ते असे.

काही जण विचारतील, "मारला नाही तर तो डूख धरील ना?" मुलांनो, साप चेहरा लक्षात ठेवून घर शोधत येत नाही. तो वाट पाहत नाही, सूड घेत नाही. दूध त्याचा आहार नाही. पुंगीचे सूर ऐकून तो डोलतही नाही. पुंगी हलते तिच्यावर त्याची नजर असते. त्याला बाहेरून कान नाहीत. जमिनीची थरथर त्याला चांगली कळते. म्हणून अंधारात चालताना पाय आपटत, काठी ठोकत जावे. बहुधा तो आधीच बाजूला होतो.

साप विनाकारण चावत नाही हे दाखवण्यासाठी पुण्याचे नीलिमकुमार खैरे १९८० साली बहात्तर विषारी सापांबरोबर एका काचेच्या खोलीत बहात्तर तास राहिले. त्यांना एकही साप चावला नाही. पुढे १९८६ साली पुण्यात कात्रजचे सर्पोद्यान त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. असा प्रयोग आपण करायचा नाही बरे! त्यातून धडा तेवढा घ्यायचा. सापाला डिवचले नाही, दाबले नाही, तर तो आपल्या वाटेने जातो.

कायदाही सापाच्या बाजूने आहे. थोरल्या माणसांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. त्याच वर्षी वन्य जीव संरक्षण कायदा झाला. त्याआधी सापाच्या कातड्याचे पट्टे, पाकिटे आणि चपला करून परदेशी विकल्या जात आणि त्यासाठी धामणी नि अजगर फार मारले जात. १९७६ साली ही निर्यात बंद झाली. आज साप मारणे, पकडून ठेवणे किंवा त्याचा खेळ करणे हा गुन्हा आहे.

घरात साप निघाला तर

पहिली गोष्ट, ओरडून गर्दी जमवायची नाही. लेकरे, म्हातारी माणसे आणि बांधलेली जनावरे बाजूला काढा. सापाच्या मागे भिंत आणि पुढे माणसे असे करू नका. त्याला बाहेर जायची वाट मोकळी ठेवा. एका मोठ्या माणसाने लांबून, निदान आठ-दहा पावलांवरून, त्याच्यावर नजर ठेवावी. नजर सुटली की तो कुठे गेला ही धास्ती रात्रभर राहते. खोलीत असेल तर बाहेरून दार लावून फटीला गोणपाट लावा. मग वन विभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवा. मोबाईलवर चित्र काढायला जवळ जाऊ नका. चित्र नंतर मिळेल, हात नंतर मिळणार नाही!

आवारात मोठा साप असेल आणि तो आपल्या वाटेने जात असेल तर जाऊ द्या. धुऱ्याकडे गेला की झाले. मेलेल्या सापालाही हात लावू नये. नुकत्याच मेलेल्या सापाचे डोके कधी कधी चावते.

दंश झाला तर

डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. कोकणात महाडला राहून त्यांनी विंचूदंश आणि सर्पदंश यांवर आयुष्यभर काम केले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातला रोगी वेळेवर दवाखान्यात आला तर वाचतो, हे त्यांच्यासारख्या डॉक्टरांनी दाखवून दिले.

सर्पदंशावर एकच औषध आहे, ते म्हणजे प्रतिविषाची लस. १८९० च्या दशकात आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती प्रथम तयार केली. रीत अशी: घोड्याला सापाचे विष अगदी थोडे थोडे टोचतात. त्याच्या रक्तात त्या विषाला मारणारे द्रव्य तयार होते. ते काढून, शुद्ध करून औषध बनवतात. मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच चालते. म्हणून साप शोधून, मारून, पिशवीत घालून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. त्या शोधात वेळ जातो आणि दुसराही माणूस चावून घेतो. डॉक्टर रोग्याची लक्षणे पाहतात. थोडे रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून ते गोठते का, हेही पाहतात.

मग मांत्रिकाकडून माणसे बरी होतात ती कशी? उत्तर सोपे आहे. चावणारे बहुतेक साप बिनविषारी. विषारी सापही कधी कधी विष न सोडता कोरडा दंश करतो. असा माणसू मंत्र टाका अगर न टाका, बराच होणार. पण त्याचे नाव मांत्रिकाला मिळते. खरा विषारी दंश असेल तेव्हा मात्र पारावर गेलेला एक एक तास रोग्याच्या आयुष्यातून वजा होतो.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांत पावपेक्षा अधिक मुले पंधरा वर्षांखालची होती. बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले, आणि निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हे आकडे दूर देशीचे नाहीत, आपल्यासारख्याच गावांचे आहेत.

लक्षात ठेवा

१. दंश झालेल्या माणसाला धीर द्या. पळू देऊ नका, चालवू नका. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवा.

२. अंगठी, बांगड्या, तोडे, करदोडा, घट्ट कपडे लगेच काढा. सूज आली की ते रुततात.

३. दोरीने आवळून बांधू नका, चिरू नका, तोंडाने ओढू नका, चुना-हळद-मिरची लावू नका.

४. १०८ ला फोन करा. गाडीला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनाने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्या. दंश किती वाजता झाला ते लक्षात ठेवा.

५. सरपण, पऱ्हाटी, गोवऱ्या घराच्या भिंतीला लावून रचू नका. कडबा दगड-फळ्यांवर उंच रचा. काढताना आधी काठीने वाजवा.

६. सोयाबीनची सुडी मोडताना आणि सोंगणी करताना पायात बूट घाला. उघडा हात सुडीखाली घालू नका.

७. रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला जाताना बॅटरी आणि काठी घेतल्याशिवाय निघू नका. पहाटे परसाकडे जातानाही तेच.

८. चपला-बूट झाडून घाला. भिंतीतली बिळे बुजवा. खरकटे आणि धान्य उघडे टाकू नका. उंदीर कमी झाले की सापही कमी येतील.

शेवटी

गेल्या पावसाळ्यात आमच्या आखाड्यावर पुन्हा एक धामण दिसली. हळदीच्या वाफ्यातून निघून ती धुऱ्यावरच्या बोरीखाली गेली. घरातली लेकरे ओरडली, "दादा, काठी!" मी म्हणालो, "काठी राहू द्या. तिथंच थांबा आणि बघा." आम्ही सगळे लांब उभे राहून पाहत राहिलो. दोन-तीन मिनिटांत ती बिळात गेली. कोणी मेले नाही, कोणाला काही झाले नाही. त्या रात्री लेकरांनी बाजेवर झोपताना मच्छरदाणी स्वतः खोचली.

तर मुलांनो, आज घरी गेल्यावर दोन कामे करा. आजोबांना, वडलांना सांगा की लांब साप बहुधा धामण असते, तिला वाट द्या. आणि रात्री आपले नि धाकट्या भावंडांचे अंथरूण भुईवर असेल तर ते बाजेवर टाकायला लावा. दोन्ही कामांना एक पैसाही लागत नाही.